दान, बाजार आणि उत्पादन : हिमोफिलियाच्या संदर्भात रिचर्ड टिटमस यांच्या 'द गिफ्ट रिलेशनशिप'ची चिकित्सा

प्रस्तावना

रिचर्ड टिटमस यांचा 'द गिफ्ट रिलेशनशिप' हा ग्रंथ १९७० मध्ये लंडन येथून प्रसिद्ध झाला. समाजकार्य, समाजशास्त्र आणि कल्याणाचे अर्थशास्त्र या तिन्ही विषयांच्या अध्यापनात त्याचा उल्लेख येतो. मात्र तो बहुधा एका विधानापुरताच येतो. विकत घेतलेल्या रक्तापेक्षा स्वेच्छेने दिलेले रक्त सुरक्षित असते, स्वस्त असते आणि समाजाला जोडणारे असते, हे ते विधान होय. विधान खोटे नाही. परंतु ते ज्या रुग्णांच्या बाबतीत सर्वाधिक खरे ठरावयास हवे होते, त्याच रुग्णांच्या बाबतीत ते अपुरे ठरले. हे रुग्ण म्हणजे आनुवंशिक रक्तस्राव विकाराने, विशेषतः हिमोफिलियाने, ग्रस्त असलेली माणसे. सामान्य रुग्णाला आयुष्यात एखादे वेळी परक्याचे रक्त घ्यावे लागते. हिमोफिलियाच्या रुग्णाला ते जन्मभर, आणि तेही हजारो परक्यांचे, घ्यावे लागत असे. त्यामुळे टिटमस यांच्या सिद्धान्ताची खरी कसोटी याच रुग्णांच्या इतिहासात लागते.

ग्रंथ प्रसिद्ध झाल्यानंतरच्या पंधरा वर्षांत जे घडले ते टिटमस यांना पाहावयास मिळाले नाही. १९७३ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या कन्या अ‍ॅन ओकली आणि जॉन अ‍ॅश्टन यांनी १९९७ मध्ये ग्रंथाची नवी आवृत्ती संपादित केली. तीत नंतरच्या घटनांची दखल घेतलेली असली तरी मूळ मांडणीची चौकट तशीच ठेवली आहे. प्रस्तुत लेखाचा आक्षेप त्या चौकटीलाच आहे.

टिटमस यांची मांडणी

टिटमस हे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये सामाजिक प्रशासनाचे प्राध्यापक होते. त्यांच्याकडे विद्यापीठाची कोणतीही पदवी नव्हती, ही बाब आजच्या पात्रतानिकषांच्या काळात मुद्दाम नोंदविण्यासारखी आहे. त्यांनी ब्रिटन व अमेरिका येथील रक्तसंकलनाच्या पद्धतींची तुलना केली आणि रक्तदात्यांचे आठ प्रकार सांगितले. एका टोकाला पैसे घेऊन रक्त देणारा, दुसऱ्या टोकाला अनोळखी माणसासाठी कोणत्याही मोबदल्याविना रक्त देणारा. मध्ये कुटुंबाच्या खात्यावर जमा होण्यासाठी देणारा, सवलतीसाठी देणारा, तुरुंगात वा लष्करात असल्यामुळे नाही म्हणू न शकणारा. हे वर्गीकरण हा ग्रंथाचा सर्वांत टिकाऊ भाग आहे. महाराष्ट्रातील कोणत्याही रक्तदान शिबिरात, मग ते शिवजयंतीचे असो, गणेश मंडळाचे असो वा महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे असो, यांतील चार-पाच प्रकारचे दाते एकाच मांडवात भेटतात.

या वर्गीकरणावरून टिटमस यांनी बाजाराची परीक्षा चार निकषांवर केली : आर्थिक कार्यक्षमता, प्रशासकीय कार्यक्षमता, प्रत्येक एककाची किंमत आणि शुद्धता. चारही निकषांवर बाजार नापास होतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे. अमेरिकेत रक्ताची नासाडी अधिक होते, तुटवडाही अधिक भासतो, किंमत ब्रिटनच्या पाच ते पंधरा पट पडते आणि काविळीचा संसर्ग अधिक होतो. शेवटच्या मुद्द्याचे स्पष्टीकरण साधे आहे. पैशासाठी रक्त देणाऱ्याला आपला आजार लपविण्याचे कारण असते. केवळ देण्यासाठी देणाऱ्याला ते नसते. म्हणजे येथे सत्य सांगणे हाच मालाच्या गुणवत्तेचा घटक ठरतो, आणि बाजार नेमके तेच महाग करून ठेवतो.

अर्थशास्त्रज्ञांनी या मांडणीवर कठोर टीका केली. रॉबर्ट सोलो यांनी १९७१ मध्ये तिचे परीक्षण केले. केनेथ अ‍ॅरो यांनी १९७२ मध्ये विचारलेला प्रश्न अधिक मूलगामी होता. रक्त विकण्याची मुभा दिल्याने रक्त देण्याची मुभा कोठे नाहीशी होते, असे त्यांनी विचारले. पर्याय वाढला तर स्वातंत्र्य वाढते, कमी होत नाही. पीटर सिंगर यांनी १९७३ मध्ये टिटमस यांची बाजू घेऊन त्यास उत्तर दिले : जी वस्तू बाजारात ठरावीक पैशांना मिळते ती दिल्याने केवळ तेवढे पैसे दिल्यासारखे होते; जी कोणत्याही किमतीस मिळत नाही ती देण्याचा अर्थच वेगळा असतो.

वाद तात्त्विकदृष्ट्या समृद्ध आहे. परंतु टिटमस, अ‍ॅरो आणि सिंगर या तिघांचेही लक्ष एकाच क्षणावर खिळलेले आहे. तो क्षण म्हणजे दात्याच्या दंडात सुई जाते तो. तेथे पैसे बदलले की नाहीत, एवढाच प्रश्न विचारला जातो. रक्त पिशवीत पडल्यानंतर त्याचे काय होते, कोण त्यावर कोणती प्रक्रिया करतो, त्या प्रक्रियेत कोणाचे भांडवल गुंतलेले असते, हे प्रश्न वादाच्या परिघाबाहेर राहतात. टिटमस यांनी औषध कंपन्यांच्या प्लाझ्मासंकलनाची दखल घेतली आहे, हे मान्य केले पाहिजे. पण तीही दात्यांच्या संदर्भातच. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर टिटमस यांनी विनिमयाची मीमांसा केली, उत्पादनाची केली नाही.

बाटलीतील पावडर

हिमोफिलियामध्ये रक्त गोठविणाऱ्या प्रथिनांपैकी एकाची उणीव असते. 'अ' प्रकारात फॅक्टर आठ, 'ब' प्रकारात फॅक्टर नऊ. जनुक क्ष गुणसूत्रावर असल्यामुळे आजार बहुतांशी मुलग्यांना होतो आणि आई वाहक असते. 'अ' प्रकार सुमारे पाच हजार मुलग्यांच्या जन्मामागे एक आढळतो. लोकसमजुतीत या आजाराचे चित्र जखमेतून न थांबणाऱ्या रक्ताचे असते. वस्तुतः नुकसान होते ते गुडघा, घोटा, कोपर यांच्या आत वारंवार होणाऱ्या रक्तस्रावाने. उपचार न मिळालेला मुलगा तारुण्यात येईपर्यंत सांधे निकामी झालेले असतात.

उपाय म्हणजे उणा असलेला घटक शिरेतून देणे. येथे थोडे गणित करावे लागते. एक मिलिलिटर सामान्य रक्तद्रवात, म्हणजे प्लाझ्मात, फॅक्टर आठचे जेवढे सामर्थ्य असते त्यास एक एकक म्हणतात. रुग्णाच्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे एक एकक दिले तर पातळी सुमारे दोन टक्क्यांनी वाढते. साठ किलो वजनाच्या रुग्णाची पातळी पन्नास टक्क्यांवर न्यावयाची तर १,५०० एकके लागतात, म्हणजे सिद्धान्ततः दीड लिटर प्लाझ्मा. एवढा द्रव एकाच वेळी शिरेतून देणे शक्य नसते. त्यात हा घटक शरीरात सुमारे बारा तासांत निम्मा होतो. म्हणून घटक घट्ट करून देण्याची निकड होती. १९६० च्या दशकाच्या मध्यात जुडिथ पूल यांनी स्टॅनफर्ड येथे दाखविले की, गोठविलेला प्लाझ्मा सावकाश वितळविला की तळाशी राहणाऱ्या साक्यात फॅक्टर आठ मोठ्या प्रमाणात असतो. यास क्रायोप्रेसिपिटेट म्हणतात. साध्या रक्तपेढीत ते तयार होऊ शकत होते, त्यावर कोणाची मक्तेदारी नव्हती आणि एका पिशवीत एकाच दात्याचा अंश असे.

त्यानंतर दशकाअखेरीस कारखान्यात तयार होणारी फॅक्टरची पावडर आली. लहान बाटली, घरच्या शीतकपाटात राहणारी, पाण्यात विरघळवून घरीच टोचता येणारी. ती आलेल्या घरांत रुग्णाची शाळा, नोकरी, प्रवास सारे शक्य झाले. (दवाखान्यातील परिचारिकेचे काम या बाटलीसोबत आईकडे आले, हे मात्र कोणत्याही हिशेबात आले नाही.) या उपयोगमूल्याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. हिमोफिलियाच्या रुग्णांनी ही पावडर स्वतःहून मागितली, आग्रहाने मागितली.

परंतु तिच्या उत्पादनाची रीत निराळी होती. प्लाझ्माच्या औद्योगिक विभाजनात एका लिटरमागे हाती येणारा फॅक्टर आठ साधारण दोनशे एककांच्या घरात असे. बाकीचा प्रक्रियेत नष्ट होई. वरील उदाहरणातील १,५०० एककांसाठी त्यामुळे सात ते आठ लिटर प्लाझ्मा लागे. पूर्ण रक्तदानातून मिळणारा प्लाझ्मा दोनशे ते अडीचशे मिलिलिटर धरला तर एका मात्रेमागे तीस-पस्तीस दाते झाले. आणि कारखाना तीस दात्यांचा प्लाझ्मा वेगळा ठेवत नाही. मोठे पात्र, मोठा घाणा, हजारो दात्यांचा एकत्र साठा, हेच खर्च कमी करण्याचे साधन असते. मोठ्या प्रमाणावरील उत्पादनाचे लाभ पाठ्यपुस्तकात शिकविले जातात ते याच स्वरूपाचे. फरक एवढाच की येथे जी गोष्ट प्रतिएकक खर्च खाली आणते तीच गोष्ट प्रतिएकक धोका वर नेते. वीस हजार दात्यांच्या साठ्यात एक दाता संसर्गित असला तरी साठ्यातून निघालेली प्रत्येक बाटली संशयित होते.

मार्क्स यांनी क्रयवस्तूच्या विश्लेषणात सांगितले आहे की, वस्तू बाजारात येते तेव्हा तिच्यामागची माणसे व त्यांचे परस्परसंबंध दिसेनासे होतात आणि उरतो तो केवळ वस्तूंचा वस्तूंशी संबंध. सामान्यतः हे विधान रूपकासारखे वाचले जाते. फॅक्टरच्या बाटलीच्या बाबतीत ते अक्षरशः खरे आहे. पावडरीत हजारो शरीरांचे अंश असतात आणि लेबलावर असते कंपनीचे नाव, एककांचा आकडा व मुदत. १९७८ पासून अमेरिकेत रक्ताच्या पिशवीवर दाता स्वयंस्फूर्त की मोबदला घेणारा, हे छापणे बंधनकारक झाले. टिटमस यांच्या ग्रंथाने निर्माण केलेल्या लोकमताचा त्यात वाटा होता. हा नियम प्लाझ्मापासून तयार केलेल्या औषधांना मात्र लागू नव्हता. म्हणजे पिशवीतील रक्तास दाता राहिला, बाटलीतील पावडरीस राहिला नाही.

दात्यांचा भूगोल

या उद्योगाला कच्चा माल कोठून मिळत होता, हे आता पुरेसे उघड झाले आहे. अमेरिकेत मोबदला देऊन प्लाझ्मा घेण्याची पद्धत आजही कायदेशीर आहे. एक व्यक्ती आठवड्यातून दोनदा प्लाझ्मा देऊ शकते आणि जगातील औषधनिर्मितीसाठीच्या प्लाझ्मापैकी सुमारे दोन तृतीयांश तेथून येतो. अमेरिकी तुरुंगांतील कैद्यांकडून प्लाझ्मा घेण्याची प्रथा दीर्घकाळ चालली. आर्कान्सा राज्यात ती १९९४ मध्ये थांबली. निकाराग्वाची राजधानी मानाग्वा येथे १९७० च्या दशकात गरिबांचा प्लाझ्मा विकत घेऊन निर्यात करणारे मोठे केंद्र होते. 'ला प्रेन्सा' या वृत्तपत्राचे संपादक पेद्रो होआकिन चामोरो यांनी त्यावर लेखन केले. १० जानेवारी १९७८ रोजी त्यांची हत्या झाली, तेव्हा संतप्त जमावाने ते केंद्र जाळले. सोमोसा राजवटीच्या अखेरीस कारणीभूत ठरलेल्या घटनांत या हत्येची गणना होते.

हा सर्व पुरावा टिटमस यांच्या बाजूने जातो, असे वाटू शकते. गरिबी रक्त विकावयास लावते आणि गरिबी आजारही आणते. तेव्हा विकलेले रक्त दूषित असण्याची शक्यता अधिक. १९८० च्या दशकात एचआयव्हीचा संसर्ग प्रथम या आयात पावडरीतून मोठ्या प्रमाणावर पसरला, हेही खरे आहे. येथेच थांबल्यास टिटमस द्रष्टे ठरतात. बहुतेक भाष्यकार येथेच थांबले आहेत.

फ्रान्स आणि स्कॉटलंडचा पुरावा

फ्रान्समध्ये १९५२ च्या कायद्याने रक्तावर नफा घेण्यास मनाई होती. दाते मोबदला घेत नसत आणि त्यास राष्ट्रीय अभिमानाचा विषय मानले जाई. टिटमस यांच्या कसोटीवर ही जवळजवळ आदर्श व्यवस्था. तरीही हजाराहून अधिक फ्रेंच हिमोफिलिया रुग्णांना एचआयव्हीचा संसर्ग झाला. राष्ट्रीय रक्तसंक्रमण केंद्राचे संचालक मिशेल गारेता यांच्यावर खटला चालून १९९२ मध्ये त्यांना कारावासाची शिक्षा झाली. १९८५ मध्ये साठा दूषित असल्याचे केंद्रास कळून चुकले होते, उष्णतेने निर्जंतुक केलेली पावडर परदेशात उपलब्ध होती, तरीही जुना साठा संपेपर्यंत तो वितरित होत राहिला, हा आरोपाचा गाभा होता. खटला ज्या कायद्याखाली चालला तो मालाच्या गुणवत्तेविषयी ग्राहकाची फसवणूक करण्यासंबंधीचा १९०५ चा कायदा होता. ज्या देशाने रक्त ही क्रयवस्तू नव्हे असे कायद्याने जाहीर केले होते, त्या देशाच्या न्यायालयाला अपराधाचे वर्णन करण्यास क्रयवस्तूचाच कायदा हाताशी सापडला. टिटमस यांच्या ग्रंथावरील याहून बोलके भाष्य कोणत्याही समीक्षकाने केलेले नाही.

फ्रान्समध्ये तुरुंगांतूनही रक्त घेतले जात होते, अर्थात विनामोबदला. कैद्याचे रक्त फुकट घेतले म्हणून ते सुरक्षित होत नाही. टिटमस यांच्या वर्गीकरणात अशा 'बद्ध' दात्याला स्थान आहे, हे त्यांच्या बाजूने नमूद करावयास हवे; पण त्यांच्या निष्कर्षात मोबदल्याची रेषा इतकी ठळक होते की हा प्रकार तिच्या सुरक्षित बाजूस झाकला जातो.

स्कॉटलंडचे उदाहरण अधिक लहान आणि अधिक निर्णायक आहे. तेथे आयात पावडरीवरील अवलंबन कमी होते. स्थानिक, मोबदला न घेणाऱ्या दात्यांच्या प्लाझ्मापासून शासकीय यंत्रणाच फॅक्टर तयार करीत असे. १९८४ मध्ये एडिनबरा येथील पंधराहून अधिक रुग्णांना अशाच एका घाण्यातून एचआयव्हीचा संसर्ग झाला. काविळीच्या बाबतीत तर ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकाच्या प्रारंभीच दिसून आले होते की, पावडर प्रथमच घेणाऱ्या रुग्णांत संसर्गाचे प्रमाण व्यापारी मालाने जेवढे होते जवळजवळ तेवढेच शासकीय मालानेही होते. टिटमस यांनी ज्या निकषावर सर्वाधिक भिस्त ठेवली होती तो शुद्धतेचा निकष साठ्याच्या आकाराने असा निष्प्रभ करून टाकला. दाता निर्लोभी असला तरी पात्र मोठे होते.

शासनाची कंजुषी आणि कंपनीचा साठा

टिटमस यांचा आदर्श म्हणजे ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा. त्यांच्या ग्रंथानंतर अवघ्या तीन वर्षांत, १९७३ मध्ये, ब्रिटनने व्यापारी फॅक्टरच्या आयातीस परवाने दिले. दात्यांची उणीव हे त्याचे मुख्य कारण नव्हते. उणीव होती ती एल्सट्री येथील शासकीय प्रयोगशाळेच्या क्षमतेची, म्हणजे इमारत, यंत्रे व भांडवली खर्च यांची. आरोग्यमंत्री डेव्हिड ओवेन यांनी १९७५ मध्ये स्वयंपूर्णतेचे आश्वासन देऊन निधीही मंजूर केला. स्वयंपूर्णता आली नाही. सर ब्रायन लँगस्टाफ यांच्या चौकशी आयोगाचा अहवाल २० मे २०२४ रोजी प्रसिद्ध झाला. दूषित रक्त व रक्तघटकांमुळे सुमारे तीस हजार लोकांना संसर्ग झाला, तीन हजारांहून अधिक मृत्यू पावले आणि हे बहुतांशी टाळता आले असते, असे त्यात म्हटले आहे. ट्रेलोर या शाळेत १९७० ते १९८७ या काळात हिमोफिलियाचे १२२ विद्यार्थी शिकले. त्यांपैकी सुमारे तीसच आज हयात आहेत.

येथे दोष कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर 'बाजाराचा' असे दिले तर ते अर्धेच उत्तर होईल. दान फुकट मिळते म्हणून त्यावरील प्रक्रियाही फुकट होईल, अशी शासनाची समजूत होती. टिटमस यांच्या ग्रंथानेच ही समजूत बळावली असे म्हणणे अन्यायाचे ठरेल; मात्र दात्याच्या उदारतेचे इतके भरघोस वर्णन करणाऱ्या ग्रंथात प्रयोगशाळेच्या गुंतवणुकीसाठी जागा उरत नाही, ही उणीव म्हणून नोंदविलीच पाहिजे. औद्योगिक वस्तूचे उत्पादन समाजाने स्वतःकडे घेतले नाही तर कच्चा माल दानाचा असूनही वस्तू बाजाराची होते.

भांडवलाच्या बाजूने पाहिले असता साठ्याचा प्रश्न अधिक स्पष्ट होतो. १९८१ च्या सुमारास जर्मनीतील बेहरिंगवेर्के या कंपनीकडे द्रवरूपात तापवून निर्जंतुक केलेली पावडर होती. तापविण्यात फॅक्टरचा मोठा भाग नष्ट होत असल्याने ती महाग पडे आणि इतर उत्पादक त्या वाटेने जाण्यास नाखूश होते. १९८३ पासून अमेरिकेत तापविलेली पावडर बाजारात येऊ लागली. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने २२ मे २००३ रोजी कंपनीच्या अंतर्गत कागदपत्रांच्या आधारे प्रसिद्ध केलेल्या वृत्तानुसार, बायर कंपनीच्या कटर या विभागाने फेब्रुवारी १९८४ मध्ये सुरक्षित माल आणल्यानंतरही वर्षभराहून अधिक काळ जुना माल आशिया व लॅटिन अमेरिकेत विकला. निश्चित किमतीच्या करारांमुळे स्वस्त पडणारा जुना माल तेथे देणे सोयीचे होते. त्या वेळच्या माहितीच्या आधारे आपण जबाबदारीनेच वागलो, असे कंपनीचे म्हणणे होते. व्यक्तींच्या हेतूंचा निवाडा येथे अभिप्रेत नाही. वस्तूचे उपयोगमूल्य संपले, किंबहुना ते उलटे झाले, तरी तिचे विनिमयमूल्य गोदामात जिवंत राहते आणि वसुलीसाठी ग्राहक शोधते, हे महत्त्वाचे. तो ग्राहक हाँगकाँग व तैवानमध्ये सापडला. पॅरिसच्या शासकीय केंद्राने हाच हिशेब नफ्याविना केला. तेथे नफा नव्हता, पण साठा होता, अंदाजपत्रक होते आणि बुडीत खर्चाची भीती होती. मालकी बदलली म्हणून हिशेबाची रीत बदलत नाही, हे टिटमस यांच्या चौकटीत न बसणारे सत्य आहे.

'दान' या शब्दाविषयी

भारतीय वाचकाने हा ग्रंथ वाचताना शब्दापाशी थोडे थबकावयास हवे. टिटमस यांनी 'भेट' ही कल्पना मार्सेल मॉस यांच्याकडून घेतली. मॉस यांच्या १९२५ च्या निबंधातील भेट ही परतफेडीचे बंधन घेऊन येते. आपल्याकडील 'रक्तदान' हा शब्द मात्र दानाचा आहे, भेटीचा नव्हे. दानात परतफेड नसते. गुप्तदान श्रेष्ठ मानले जाते. आणि घेणारा खालच्या पायरीवर उभा असतो. जेकब कोपमन यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उत्तर भारतातील रक्तदान व भक्तिसंप्रदाय यांचा संबंध तपासला आहे. महाराष्ट्रात या शब्दाने रक्तदानाची मोठी चळवळ उभी राहण्यास मदत केली, यात शंका नाही. तथापि दानाच्या कल्पनेत दिलेल्या वस्तूचे पुढे काय झाले हे विचारणे दात्यास शोभत नाही, असेही अभिप्रेत असते. उत्पादनाविषयीचे मौन टिटमस यांच्या ग्रंथात सैद्धान्तिक आहे. आपल्याकडे ते शिष्टाचाराचा भाग आहे.

'कॉमन कॉज' या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ४ जानेवारी १९९६ रोजी निकाल दिला आणि त्यानुसार १ जानेवारी १९९८ पासून व्यावसायिक रक्तविक्री बंद झाली. टिटमस यांच्या निकषावर भारत त्या दिवशी योग्य बाजूस आला. पण शिबिरात जमा झालेल्या रक्तातून लाल पेशी वेगळ्या केल्यावर उरणाऱ्या प्लाझ्माचे काय, हा प्रश्न राहिलाच. केंद्र शासनाने २०१५ मध्ये रक्तपेढ्यांकडील अतिरिक्त प्लाझ्मासाठी लिटरमागे १,६०० रुपये असे विनिमयमूल्य ठरवून दिले. रक्तपेढीने रोख रक्कम घ्यावयाची नाही. त्या मूल्याची उपकरणे, साहित्य वा प्लाझ्मापासून तयार केलेली औषधे घ्यावयाची. शासकीय निर्णयात 'विनिमयमूल्य' हाच शब्द यावा, हा योगायोग अर्थशास्त्राच्या अध्यापकास सुखावणारा आहे. पैशाचा स्पर्श टाळण्याची काळजी येथे दात्याच्या भावनेसाठी घेतलेली दिसते, आणि ती समजण्यासारखी आहे. परंतु रोखीचा व्यवहार नसला म्हणून विनिमय नाहीसा होत नाही. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात विद्यार्थ्याने दिलेल्या रक्तातील दोनशे मिलिलिटर प्लाझ्मा या दराने सुमारे ३२० रुपयांचा होतो आणि विभाजन कारखान्यात गेल्यावर त्यातून अल्ब्युमिन, इम्युनोग्लोब्युलिन व फॅक्टर अशी संयुक्त उत्पादने निघतात. संयुक्त उत्पादनात प्रत्येक वस्तूचा स्वतंत्र उत्पादनखर्च काढता येत नाही, हे खर्चलेखनाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. मग फॅक्टरची 'खरी' किंमत कोणती, हे उत्पादकाच्या वाटणीपद्धतीवर ठरते.

दात्याविना उत्पादन

फॅक्टर आठचे जनुक १९८४ मध्ये वेगळे करण्यात आले आणि १९९२ मध्ये जनुकतंत्राने तयार केलेला फॅक्टर अमेरिकेत वापरात आला. दाता आता लागेनासा झाला. संसर्गाचा धोका जवळजवळ संपला, आणि त्यासोबत टिटमस यांचा प्रश्नही संपावयास हवा होता. प्रत्यक्षात तुटवडा कायम राहिला. फक्त त्याचे कारण प्लाझ्माकडून किमतीकडे सरकले. जागतिक हिमोफिलिया महासंघाच्या मते जगातील बहुसंख्य रुग्णांना आजही पुरेसा उपचार मिळत नाही. महासंघ गरीब देशांना फॅक्टर पुरवितो तो मुख्यतः कंपन्यांनी दिलेल्या देणगीतून. २०१४ मध्ये बायोजेन व सोबी या कंपन्यांनी एक अब्ज एककांपर्यंतची देणगी जाहीर केली. या मदतीने अनेक मुलांचे सांधे वाचले आहेत, ते नाकारण्याचे कारण नाही. टिटमस यांच्या दृष्टीने मात्र हे चित्र उलटे आहे. त्यांच्या ग्रंथात अनोळखी माणूस देतो आणि संस्था वितरित करते. येथे उत्पादक स्वतःच दाता झाला आहे आणि रुग्ण पुन्हा याचकाच्या पायरीवर आला आहे. भारतात हिमोफिलिया २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात समाविष्ट झाल्याने त्यास हक्काची भाषा मिळाली. शासकीय रुग्णालयात फॅक्टर संपला असेल त्या आठवड्यात ती भाषा गुडघ्यातील रक्तस्राव थांबवीत नाही.

जनुकोपचाराने हा प्रश्न टोकास नेला. हिमोफिलिया 'ब'साठी एकदाच द्यावयाच्या उपचारास अमेरिकेत नोव्हेंबर २०२२ मध्ये मान्यता मिळाली, तेव्हा त्याची किंमत पस्तीस लाख डॉलर ठेवण्यात आली. तिच्या समर्थनार्थ जुन्या उपचाराचा, म्हणजे आयुष्यभर लागणाऱ्या फॅक्टरचा, खर्च पुढे करण्यात येतो. एका क्रयवस्तूची किंमत तिच्या उत्पादनखर्चावरून नव्हे, तर ती ज्या दुसऱ्या महाग क्रयवस्तूला हटविते तिच्या किमतीवरून ठरते. पूर्वीचा चढा भाव अशा रीतीने नव्या भावाचा पुरावा होतो. फायझर कंपनीने एप्रिल २०२४ मध्ये मान्यता मिळालेला अशाच प्रकारचा उपचार फेब्रुवारी २०२५ मध्ये मागणीअभावी मागे घेतला. आजार बरा करू शकणारी वस्तू ग्राहकाअभावी बाजारातून जाते, तेव्हा ज्यांना ती परवडत नाही ते रुग्ण मागणीच्या व्याख्येतच येत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये हिमोफिलिया 'अ'च्या पाच रुग्णांवर झालेल्या जनुकोपचाराचे निष्कर्ष डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. या पद्धतीत रुग्णाच्याच रक्तपेशींचे मूळ असलेल्या पेशी बाहेर काढून, त्यांत जनुक घालून, त्या त्यालाच परत दिल्या जातात. देणारा आणि घेणारा येथे एकच असतो, अनोळखी माणूस मध्ये येत नाही. टिटमस यांच्या आठ प्रकारांत या दात्यासाठी रकाना नाही. त्याच्या पेशी ज्या प्रयोगशाळेत काही दिवस राहतात तिच्यासाठी तर त्यांच्या ग्रंथात प्रकरणच नाही.